शाईची बाजू

"एकदाच काय ते उरकून टाका," असं कुणी म्हटलं की डॉ. वसुंधरा मोघ्यांच्या डोक्यात तिडीक जायची. रंगकामाबद्दल म्हणा, वाळवणाबद्दल म्हणा, हरकत नाही. पण वसुंधराबाईंचं काम मायक्रोस्कोपाशी. झाशीच्या त्या दवाखान्यात तोंडातल्या, जबड्यातल्या जेवढ्या गाठी निघत, त्या कापायच्या, रंगवायच्या, बघायच्या आणि त्यांची जात ठरवायची. माणसांच्या जातीशी बाईंना देणंघेणं नव्हतं. गाठीची जात मात्र कळल्याशिवाय त्या कुणाला हलू देत नसत. जात चुकली की इलाज चुकला, आणि जबड्यातला चुकलेला इलाज माणसाला जन्मभर तोंडावर घेऊन हिंडावा लागतो.

आणि नेमकं तेच वाक्य बोलत रघुनाथ झांबरे त्यांच्यासमोर बसला होता.

"ताई, एकदाच काय ते करा. पोरीला दुसऱ्यांदा भूल नको."

रघुनाथ रेल्वेच्या सिग्नल खात्यातला. मूळचा भुसावळचा, बदली होऊन आला आणि झाशीच्या नगरा वस्तीतच रुतला. झाशीत मराठी घरं ती किती! गणपतीच्या आरतीला उभं राहिलं की निम्मे चेहरे ओळखीचे. त्यामुळे दवाखान्यात आपलं माणूस आहे म्हटल्यावर हा गृहस्थ सर्जनला काही विचारायच्या भानगडीत पडलाच नाही, थेट तळमजल्यावरच्या लॅबमध्ये आला. आपल्या माणसाच्या कानावर घातलं की काम होतं, ही त्याची पक्की समजूत. कापणार सर्जन, पण कुठवर कापायचं ते ताई सांगणार, एवढं त्याला बरोब्बर कळलेलं होतं.

त्याची मुलगी मुग्धा रेल्वेच्या वर्कशॉपात अप्रेंटिस होती. तिचा डावा गाल हळूहळू फुगत गेला तेव्हा घरात सगळे म्हणाले, अक्कलदाढ येतेय. मग चिरगावला मैत्रिणीकडे गेलेली असताना तिथल्या कुणा दातवाल्याने फोड समजून आतून चीर दिली, पू झाला, ताप आला, आणि शेवटी एक्स-रे निघाला. खालच्या जबड्यात हाडाच्या जागी काळा खड्डा, आणि खड्ड्याच्या तळाशी वर न आलेली अक्कलदाढ. छोटा तुकडा काढून तपासला तेव्हा बाईंनीच नाव दिलं होतं: अमिलोब्लास्टोमा. दात घडवणाऱ्या पेशींची गाठ. कॅन्सर नव्हे.

"कॅन्सर नाही, हे कळलं मला," रघुनाथ म्हणाला. "पण हाड खाते म्हणतात."

"खाते. पण सगळ्या सारख्याच खात नाहीत." बाईंनी आवाज शक्य तेवढा मऊ ठेवला. "मुग्धाची गाठ एका पिशवीची आहे. वाढ पिशवीच्या आतच असेल, तर पिशवी सोलून काढायची, झालं. वाढ पिशवीच्या भिंतीत शिरली असेल, तर तिची मुळं शेजारच्या हाडात गेलेली असू शकतात. मग नुसतं सोलून भागत नाही, तेवढा जबडा कापून काढावा लागतो. तिथं धातूची पट्टी बसवायची, पायाचं हाड आणून लावायचं. मोठं काम."

"मग तेच करा ना आधीच! कशाला सोलून बघायचं? जाऊ दे अर्धा जबडा. पोरगी राहू दे."

बाईंच्या ओठांवर फटकन उत्तर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. कारण त्यांना माहीत होतं हा माणूस कशाला भितोय. त्याची बायको सुहासिनी पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला टेबलावर निजली ती परत उठलीच नाही. एकदा भूल म्हणजे त्याच्या लेखी एकदा जीव टांगणीला, आणि दोनदा म्हणजे दोनदा. त्याने दोन्ही शक्यतांवर सही करून दिली होती, आणि सही करताना सर्जनला सांगितलं होतं, जरा जरी शंका आली तरी कापा.

"काकू."

दारात मुग्धा उभी होती. कधीपासून, कोण जाणे. डावा गाल टम्म, नजर थेट. "बाबा घाबरून काहीपण बोलतील. तुम्ही नीट बघाल ना? मला डर लागते, पण भुलेची नाही. आरशाची."

रघुनाथने मान वळवली. त्याला लेकीकडे बघवेना.

"बघेन," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? आणि त्या दोघांना एकाच गोष्टीचं वचन देता येत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं.

सर्जन होता पियूष दीक्षित. हात सोन्याचा, स्वभाव घाईचा. पूर्वी तो बाईंच्या हाताखाली शिकलेला, आणि बाईंनी शिकवलेली एक गोष्ट तो नेमाने पाळायचा: पिशवी बाहेर आली की तिची हाडाकडची बाजू लगेच काळ्या शाईने रंगवायची, आणि तीही स्वतः, दुसऱ्या कुणावर सोडायची नाही. मायक्रोस्कोपाखाली सगळंच गुलाबी-जांभळं दिसतं, त्यात आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली हे त्या काळ्या रेघेवरून ठरतं. गाठीच्या पेशी शाईला जाऊन भिडलेल्या दिसल्या, की समजायचं भिंत ओलांडली.

सकाळी ऑपरेशन सुरू झालं. कमल सिस्टर वाटीत पिशवीचा तुकडा घेऊन धावत खाली आली. तुकडा गोठवायचा, पापुद्रे कापायचे, रंगवायचे आणि वर फोनवर सांगायचं. तोवर पोरगी उघड्या जबड्याने टेबलावर. एरवी जात ठरवायला बाई आठवडा घेत. इथं चहा उकळायलासुद्धा वेळ मिळत नाही, आणि गोठवलेला पापुद्रा म्हणजे धुरकट काचेतून बघणं. अशा घाईत या गाठीचा शेवटचा निकाल द्यायचा नसतो, हे त्या पियूषला बजावून थकल्या होत्या. पण पियूषला एकाच ऑपरेशनात उरकायचं होतं, बापालाही तेच हवं होतं, आणि बाई एकट्या पडल्या होत्या.

बाईंनी मायक्रोस्कोपाखाली पहिली काच लावली. काळी रेघ ठळक होती. आणि त्या रेघेला चिकटून पेशींचा एक पुंजका, मग दुसरा, मग तिसरा.

पिशवीच्या आतलं बाकी अस्तर पू झाल्याने झिजून गेलेलं, कुठं काही धड दिसत नव्हतं. पण शाईला भिडलेले पुंजके स्पष्ट होते. त्यांनी काच इकडून तिकडे सरकवली. दोनदा बघितलं. फोन वाजला.

"मॅडम, बताइए."

"शाईपर्यंत आहे, पियूष. दीवार में है."

"ठीक है. फिर काट रहा हूँ." फोन बंद.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्या मुलीचा आरसा त्यांना दिसला. पण करणार काय? गाठ ही अशी. उगाच दया दाखवून मागे ठेवली तर चार वर्षांनी दुप्पट होऊन आली असती. त्यांनी स्वतःला बजावलं आणि सवयीप्रमाणे दुसरी काच उचलली. त्याच तुकड्याचा जरा खोलवरचा पापुद्रा. निकाल देऊन झाला तरी दुसरी काच बघितल्याशिवाय त्या उठत नसत. या सवयीला लॅबमधली पोरंटोरं हसायची.

दुसऱ्या काचेतही शाईला भिडलेले पुंजके होतेच. बाईंची नजर त्यावरून पलीकडच्या काठाकडे गेली, जिथं शाई नव्हती. आणि तिथं हाडाचा चुरा होता.

बारीक, तुटके, गुलाबी कण. काठाला घट्ट धरून बसलेले. पिशवी खरवडून काढताना हाडाचे कपचे तिला चिकटून येतात, नेहमीच येतात. पण ते येतात हाडाकडच्या बाजूला. म्हणजे शाईच्या बाजूला यायला हवे होते. इथं शाई एकीकडे आणि हाड दुसरीकडे!

"अगंबाई!" बाई उभ्या राहिल्या.

पिशवी उलटी झाली होती. दाढेचा माथा पिशवीत अडकलेला असतो. तिच्यावरून पिशवी ओढून काढताना, तान्ह्या बाळाचं झबलं डोक्यावरून काढताना उलटं होतं तशी ती आतली बाहेर झाली होती. एरवी आतली बाजू गुळगुळीत असते, हाताला कळतं. पण चिरगावच्या त्या चिरेने पू झाला होता आणि दोन्ही बाजू सारख्याच खडबडीत झाल्या होत्या. पियूषने जी बाजू बाहेर दिसली ती इमानेइतबारे रंगवली. म्हणजे ती काळी रेघ पिशवीच्या आतल्या तोंडावर होती. पुंजके आतच होते. भिंत तर स्वच्छ होती!

बाईंनी फोन फिरवला. घंटी वाजत राहिली. पुन्हा फिरवला. वर सगळ्यांचे हात रक्तात, फोन कोण उचलणार? हातातली काच टेबलावर टाकून त्या धावल्या.

गुडघे दुखणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई जिन्यावरून धावतेय, चष्मा नाकावर घसरलाय, पदर कुठल्या कुठे. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर रघुनाथ बसला होता. त्याने बाईंना येताना पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो आडवा आला.

"गेली का?"

"कोण गेली? काही झालेलं नाही. बाजूला व्हा."

"मग धावताय कशाला? ताई, खरं सांगा! सुहासिनीच्या वेळी पण असेच धावत होते सगळे!" त्याने त्यांचा दंड धरला. तार आवळणारे हात ते, सुटतात थोडेच.

"रघुनाथ, हात सोडा."

"आधी सांगा!"

आतून आरीचा आवाज आला. बारीक, चढता. सांगत बसायला वेळ नव्हता, सांगून याला कळणारही नव्हतं. त्यांनी दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटावर फाडकन मारलं, आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं असं मारलं, आणि दार ढकलून आत घुसल्या.

"पियूष! आरी नीचे रखो!"

आरी थांबली. हाडावर पेन्सिलीने आखलेली रेघ होती आणि रेघेच्या टोकाशी नुकतीच पडलेली बारीकशी खाच. मास्कच्या वर पियूषचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते रागाने लाल होते.

"मॅडम, आप ही ने बोला अभी."

"मैंने ही बोला था. गलत बोला था." बाईंना धाप लागली होती. "बाकीची पिशवी कुठाय?"

कमल सिस्टरने वाटी पुढे केली आणि कपाटातून काढून बाईंच्या तोंडाला मास्क बांधला. बाईंनी हातमोजे चढवले, पिशवीचा उरलेला भाग बोटांत धरला आणि शाई नसलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. खरखर लागली. तांदूळ निवडताना खडा लागावा तशी. शाईच्या बाजूवरून फिरवला. तिथं खरखर नव्हती, नुसता बुळबुळीत खडबडीतपणा. त्यांनी वाटी पियूषसमोर धरली.

"तूच बघ."

पियूषने आरी ठेवली आणि तिथल्या तिथे एक बोट फिरवलं. मग परत फिरवलं. त्याच्या भुवया सावकाश खाली आल्या.

"मैंने अंदर की तरफ रंग दिया," तो हळूच म्हणाला.

"रंगवलंस तू, पण वाचलं मी. हाड बघायच्या आधी बोलले."

"तो अब? एक टुकड़े के भरोसे छोड़ दूँ? बाकी में कहीं दीवार में निकला तो?"

"निकला तो फिर खोलेंगे. कडेचं हाड थोडं घासून घे आणि शिव. अख्खी पिशवी मी कापून बघते. कापलेला जबडा परत चिकटवता येत नाही, पियूष. शिवलेलं उघडता येतं."

भूल देणारे डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मग पियूषने आरी बाजूच्या ट्रेमध्ये सरकवली आणि म्हणाला, "बाप को आप बताइएगा."

बाई बाहेर आल्या. रघुनाथ भिंतीला टेकून उभा होता. मुग्धा ठीक आहे हे ऐकल्यावर त्याने डोळे मिटले. आज जबडा कापलेला नाही, हे ऐकल्यावर उघडले. आणि आठवड्याने कदाचित पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भूल, हे ऐकल्यावर तो असा काही भडकला की जाणारी-येणारी माणसं थांबली.

"हात जोडले होते तुमच्यापुढे! एकदाच करा म्हणालो होतो! परत झोपवणार तिला? परत मी इथं बसणार?"

"कदाचित. कदाचित नाहीही."

"कदाचित! आपलं माणूस म्हणून आलो होतो तुमच्याकडे. त्यापेक्षा परका परवडला असता."

हे बाईंना फार लागलं. शाईचं सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आत्ता हे सांगितलं तर हा माणूस वेडापिसा होईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं तर त्यांना भीती वाटली होती. तेवढं कबूल करायला त्यांना त्या दिवशी जमलं नाही.

पुढचा आठवडा त्यांनी कसा काढला त्यांचं त्यांना माहीत. घरी जेवताना घास फिरायचा. अख्ख्या पिशवीच्या चकत्या केल्या, एकही तुकडा मागे ठेवला नाही. काचांमागून काचा स्वच्छ निघत गेल्या आणि मग एका काचेत, भिंतीच्या ऐन मधोमध, पेशींचं एक बेट दिसलं. आजूबाजूला काही नाही, एकटंच.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. रघुनाथचा तो चेहरा समोर उभा राहिला. हे खरं बेट असेल तर परत भूल, परत आरी, आणि आपण मधे पडून काय मिळवलं? पण अस्तराला घडी पडलेली असेल आणि ती तिरकी कापली गेली असेल, तरी असंच बेट दिसतं. ठरवायचं कसं? खोल कापत जायचं. त्यांनी त्या तुकड्याचे आणखी पापुद्रे काढायला घेतले. एक काढला, बेट तसंच. पुढचा काढला, बेट जरा लांबट. त्याच्या पुढच्या काचेत त्या बेटाला एक बारीक मान फुटलेली दिसली, आणि तिच्या पुढच्या काचेत ती मान सरळ आतल्या अस्तराला जाऊन मिळाली. घडीच होती मेली!

भिंतीत काही नव्हतं. कुठेच नव्हतं. लॅबमध्ये कुणी नाही असं बघून वसुंधराबाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या.

टाके बघायला मुग्धा आली त्या दिवशी बाई स्वतः वर गेल्या. पियूष होता, रघुनाथ होता. मुग्धा खुर्चीत बसलेली, गाल अजून सुजलेला, तोंड जेमतेम उघडत होतं.

"दुसरं ऑपरेशन नाही," बाई म्हणाल्या. "गाठ आतच होती, ती निघाली. वरचेवर एक्स-रे काढायला यावं लागेल, कितीतरी वर्षं. कंटाळा करायचा नाही, कारण या गाठी फसव्या. पण जबडा तुझा तुझ्यापाशी."

मुग्धाने डोळे मिटले. रघुनाथ जमिनीकडे बघत अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे मी म्हणत होतो तसं केलं असतं, तर पोरीचा चांगला जबडा गेला असता. माझ्यामुळे."

पियूषने बाईंकडे बघितलं. गप्प राहिलं तर संपलं होतं सगळं. बापाने दोष आपल्या अंगावर घेतला होता, कुणी काही विचारणार नव्हतं.

"तुमच्यामुळे नाही," बाई म्हणाल्या. "मी फोनवर चुकीचं सांगितलं होतं. शाई उलट्या बाजूला लागली होती, ते मला आधी कळलं नाही. मी कापा म्हणाले. आरी हाडाला लागली होती, रघुनाथ. म्हणून धावत होते."

"शाई मैंने लगाई थी," पियूष म्हणाला.

रघुनाथने एकदा पियूषकडे, एकदा बाईंकडे बघितलं. त्याचा चेहरा आक्रसला. आता हा ओरडणार, असं बाईंना वाटलं, आणि ओरडला असता तर त्यांनी मुकाट ऐकून घेतलं असतं. पण त्याच्या मुठी वळलेल्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मुग्धा खुर्चीतून उठली. तिने बापाची वळलेली मूठ धरली, बोटं एकेक करून उघडली आणि तो पंजा आपल्या डाव्या गालावर टेकवला. दुखलं असणार, कारण तिचा श्वास अडकला. पण तिने हात सोडला नाही.

"दाबून बघा," ती म्हणाली. शब्द नीट फुटत नव्हते. "आहे ना? और मैं भी हूँ. मग रडता कशाला, बाबा?"

रघुनाथने गालाखालचं हाड बोटांनी चाचपलं, कानापासून हनुवटीपर्यंत, पुन्हा हनुवटीपासून कानापर्यंत. मग त्याने लेकीचं डोकं छातीशी धरलं आणि सुहासिनी गेली तेव्हासुद्धा रडला नव्हता असा तो हमसून हमसून रडला.